वही माझ्याकडे नाही

"नाही हो ताई, माझ्याकडे कुठली वही," असं म्हणून मी फोन ठेवला, आणि ठेवल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं ते हे, की मला क्षणभरही विचार करावा लागला नव्हता. सरांच्या मुलीचा प्रश्न पुरता संपलाही नव्हता, तोवर माझं उत्तर तयार होतं. पाच महिन्यांपूर्वी हेच खोटं पहिल्यांदा बोललो तेव्हा कान तापले होते, तळहातांना घाम फुटला होता, दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. या वेळी काही म्हणता काही झालं नाही. उलट 'हो'च्या पुढचा तो 'ताई' मी किती गोड लावला होता. माणूस सरावाने कशातही तरबेज होतो असं म्हणतात. सराव एका खेपेत होतो हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. समोर ट्रेसिंगच्या कागदावर एका गोदामाच्या जागेची हद्द अर्धी काढून पडली होती. दीड हात रुंदीच्या भिंतीवरून दोन शेजारी नऊ वर्षं भांडत होते आणि भिंत कुणाची हे माझ्या रेघेवर ठरणार होतं. मी भूमापन कचेरीतला आरेखक. कुणाचं काय आणि कुठवर, हे आखून देणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. मी पेन उचललं. हात जराही हलत नव्हता, आणि त्याची मला शिसारी आली.

वही माझ्या खुर्चीपासून चार पावलांवर होती. आमच्या खोलीत भिंतीला लागून नकाशांचं लोखंडी कपाट आहे, रुंद आणि सपाट खणांचं. त्यातल्या तळच्या खणात, कधीच न झालेल्या एका रस्त्याचे जुने नकाशे आहेत. ते कुणी मागत नाही, त्यांच्याखाली काय आहे हे कुणी बघत नाही. घरी एकदा आणून पाहिली होती. बायकोने कपड्यांच्या कपाटात हात घातला आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "ही कुणाची रे वही?" मी म्हणालो, ऑफिसची. ती म्हणाली, "ऑफिसात देवधर्म कधीपासून सुरू झाला?" आणि हसली. ती विषय सोडून कामाला लागली, पण मी दुसऱ्याच दिवशी वही पिशवीत घालून कचेरीत नेली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी, शाळेतल्या पोरांची असते तसली वही. जाळून टाकायचं माझ्या मनात आलं नव्हतं असं नाही. पण ते झालं नाही, आणि ते न होण्याला मी बरेच दिवस माझा चांगुलपणा समजत होतो.

ताई म्हणाल्या होत्या ते एवढंच: त्या सरांना आपल्या गावी न्यायला आल्या आहेत, रविवारी ट्रक येणार, खोली सोडायची. "डॉक्टर म्हणतात तसं काही नाही, वयाच्या मानाने ठीक आहे. पण बाबांनीच हाय खाल्लीय. घरभर चिठ्ठ्या लावून ठेवल्यात, किल्ली इथे, चष्मा इथे. एकटे रस्ता ओलांडत नाहीत आता. पुस्तक उघडत नाहीत, म्हणतात, वाचून लक्षात राहणार नाही तर वाचायचं कशाला. सगळं त्या वहीपासून सुरू झालं बघा. अजूनही मध्येच म्हणतात, मी त्याला दिली होती गं. मग लगेच स्वतःच म्हणतात, नाही, तो नाही म्हणाला ना, म्हणजे नसेलच दिली. म्हटलं, जाण्याआधी एकदा विचारून घ्यावं." एवढं सगळं ऐकूनही माझ्या तोंडातून ते वाक्य गेलं. वर मी हेही म्हणालो की, सामान बांधायला माणूस हवा असेल तर सांगा.

सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले इतिहासाचे शिक्षक. दर गुरुवारी संध्याकाळी रंगाच्या दुकानावरच्या हॉलमध्ये आमचा अभ्यासवर्ग भरे, अजून भरतो. टर्पेंटाइनच्या वासात बसून चौदापंधरा माणसं प्राचीन इस्राएली लोकांच्या शास्त्रातल्या कथा वाचतात. एक मंडळ आहे, ते वर्षातून दोन परीक्षा घेतं आणि प्रमाणपत्र देतं. गेली चार वर्षं तोच एक भाग तिसऱ्यांदा चालला होता: लोकांना गुलामीतून सोडवणारा मोशे मरतो, त्याचा मदतनीस यहोशवा पुढारी होतो, लोकांना नदीपलीकडे नेतो आणि एकामागून एक गावं घेतो. कुणी म्हणेल, चार वर्षं? पण सरांच्या हाताखाली एक अध्याय महिनाभर पुरायचा. त्यांची एक पद्धत होती. दर आठवड्याला ते कुणा एकाला उठवायचे आणि म्हणायचे, "आज पडलेल्यांची बाजू तुमच्याकडे." म्हणजे जे गाव त्या पाठात पडलं, त्या गावचा माणूस होऊन बोलायचं. वकिली करायची नाही, रडायचं नाही, आपण तिथे राहत होतो एवढं धरून चालायचं. तटावर राहणाऱ्या त्या बाईचा पाठ होता, जिने हेरांना लपवलं आणि खिडकीला खुणेची दोरी बांधून आपलं घर वाचवलं. त्या दिवशी पडलेल्यांची बाजू मावशींकडे आली. मावशी म्हणजे दुकानांचे पडदे शिवणाऱ्या बाई, वर्गातल्या सगळ्यात थोरल्या, एरवी तोंडातून शब्द न काढणाऱ्या. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी तिच्या शेजारची. आमची भिंत एक होती. माझ्याकडे विरजण मागायला यायची ती. दोरी बांधताना मी बघितलं तिला. विचारलंसुद्धा, काय गं हे. म्हणाली, काही नाही, कपडे वाळत घालतेय." आणि खाली बसल्या. त्या दिवशी मागच्या बाकावर मंडळाचे अध्यक्ष येऊन बसले होते, आणि त्यांनी आपल्या डायरीत काहीतरी टिपून घेतलं, हे मला पुढे बसूनही दिसत होतं.

मी त्या वर्गातला नकाशे काढणारा. अकरा वर्षं. सर मला नाव घेऊन कधी हाक मारत नसत, 'नकाशेबुवा' म्हणत. शास्त्राच्या त्या भागात शेवटी शेवटी नुसत्या हद्दी आहेत, अमक्या ओढ्यापासून तमक्या डोंगरापर्यंत, तिथून मिठाच्या समुद्राच्या टोकापर्यंत. बाकी सगळे जांभया द्यायचे आणि मला जेवण मिळाल्यासारखं वाटायचं. मी एकेका वंशाचा वाटा वेगळ्या रंगाने भरून भिंतीवर लावायचो. सर जवळ येऊन, चष्मा कपाळावर चढवून बघायचे. म्हणायचे, "सुरेख. आता सांग, या पिवळ्याखाली कोण राहत होतं?" मला राग यायचा. एवढी मेहनत केली, त्यावर शाबासकीबरोबर हा खडा ठरलेला. मला काय पाहिजे होतं ते आता लपवण्यात अर्थ नाही. मला खडू पाहिजे होता. नकाशा लावून बाजूला होऊन उभं राहायचा मला कंटाळा आला होता. यहोशवासुद्धा चाळीस वर्षं मदतनीस होता, हे मी सारखं मनाशी घोळवायचो. पुढारी झाल्यावर त्याला एकाच अध्यायात चारदा सांगितलं जातं की भिऊ नको, हिंमत धर. सर म्हणायचे, "ज्याला चारदा सांगावं लागतं तो किती भित्रा असेल, विचार करा." सगळे हसायचे. मीही हसायचो आणि मनात म्हणायचो, पण त्याला सांगायला कुणी होतं तरी.

झालं ते असं. वही माझ्याकडे येऊन आठवडा झाला होता. सरांनी तिच्यात बारा वर्षांचे पाठ लिहिले होते, डाव्या पानावर शास्त्रात काय आहे ते आणि उजव्या पानावर स्वतःला काय वाटतं ते. एके दिवशी अध्यक्षांनी मला त्यांच्या फर्निचरच्या दुकानात बोलावलं. नव्या सोफ्यावर बसवलं, त्याचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं, हललो की आवाज होई. म्हणाले, "तुम्ही समजदार आहात म्हणून तुम्हाला विचारतो. परीक्षेचा निकाल घसरतोय. हे पडलेल्यांची बाजू वगैरे काय आहे? लोक इथे श्रद्धा पक्की करायला येतात, उलटतपासणी घ्यायला नाही. सरांबद्दल आदर आहेच. पण उद्या त्यांना जमलं नाही तर वर्ग घ्यायला कुणीतरी तयार हवं." एवढंच. पुढचं मी केलं. त्यांनी वही मागितलीही नव्हती, त्यांना वही आहे हेच माहीत नव्हतं. मी पिशवीतून काढली आणि म्हणालो, "यात सगळं आहे." दोन दिवसांनी त्यांनी ती परत दिली. तीन पानांच्या झेरॉक्स नकला त्यांनी ठेवून घेतल्या होत्या. त्यांतलं एक उजव्या बाजूचं पान आखानचं होतं, लुटीतलं चोरून ठेवलं म्हणून मुलामुलींसकट दगडांनी मारलेल्या माणसाचं. त्यावर सरांनी लिहिलं होतं: मुलींना काय माहीत होतं? हे बारा वर्षं शिकवतोय आणि बारा वर्षं मला पटलेलं नाही.

मंडळाच्या बैठकीत ती पानं सरांपुढे ठेवली गेली. मी तिथे नव्हतो, ऐकलं ते असं, की सरांनी पानं नीट वाचली, आपलंच अक्षर आहे म्हणाले, लिहिलं ते मागे घेत नाही म्हणाले, आणि मग विचारलं, "पण ही तुमच्याकडे आली कुठून?" अध्यक्ष म्हणाले, वही हॉलमध्ये पडली होती, नकला काढून तिथेच ठेवली. माझं नाव येऊ दिलं नाही त्यांनी, शब्दाला पक्का माणूस. सुंठीवाचून खोकला गेला आणि सुंठ देणाराही झाकला गेला. दुसऱ्या दिवशी सर माझ्या कचेरीच्या जिन्यात उभे होते. लांब बाहीचा शर्ट, एक गुंडी चुकलेली. म्हणाले, "नकाशेबुवा, वही मी तुला दिली होती ना रे?" प्रश्न साधा होता. त्यात संशय नव्हता, आरोप नव्हता, ते फक्त खात्री करून घेत होते. हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. म्हणून मी म्हणालो, "नाही सर. देणार म्हणाला होतात. दिली नाहीत. विसरला असाल." शेवटचे दोन शब्द मी का जोडले हे मला आजवर कळलेलं नाही. खोट्याला त्यांची गरज नव्हती. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग जिन्याच्या कठड्याकडे पाहिलं. म्हणाले, "असं होय. मला अगदी लख्ख आठवत होतं बघ, मी दिली, तू पिशवीत घातलीस, पिशवीचा बंद अडकला." खरोखरच अडकला होता. मी म्हणालो, "होतं असं कधीकधी." ते हळूहळू खाली उतरले, कठडा धरून. त्याआधी मी त्यांना कठडा धरून उतरताना पाहिलं नव्हतं. त्या आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला. मंडळाला वाटलं, पानांमुळे दिला. त्यांनी पत्रात लिहिलं होतं की ज्याला आपली वही कुणाला दिली हेही सांगता येत नाही, त्याने लोकांना तीन हजार वर्षांपूर्वीचं सांगू नये. पुढच्या गुरुवारी खडू माझ्या हातात होता.

फोन आला तोही गुरुवारच होता, आणि संध्याकाळचा पाठ नेमका आखानचा. पाठांचा क्रम मंडळ ठरवतं, मी नाही. मी टाळू शकलो असतो, ताप आला म्हणून सांगता आलं असतं. एवढं खोटं पचवणाऱ्याला ताप काय जड होता. पण गेलो. फळ्यावर तारीख घातली. सांगायला लागलो की पहिलं मोठं गाव पडलं तेव्हा हुकूम होता, कुणी काही घ्यायचं नाही. एका माणसाने एक सुंदर झगा पाहिला, थोडं चांदी-सोनं पाहिलं, घेतलं, आणि आपल्या तंबूत जमीन उकरून पुरलं. नंतर एका क्षुल्लक गावावर चाल केली तर मार खाऊन परत आले, छत्तीस माणसं गेली. आपल्यातल्याच कुणीतरी घात केला आहे असं पुढाऱ्याला कळलं. सकाळी सगळ्यांना उभं केलं. चिठ्ठ्या टाकून आधी वंश निघाला, मग त्या वंशातलं कूळ, मग कुळातलं घराणं, मग घराण्यातला एकेक पुरुष, आणि शेवटी तो. परीक्षेत हे क्रमाने विचारतात, म्हणून मी क्रमाने सांगत होतो. खडू करकरत होता. मावशींनी हात वर केला. माझ्या वर्गात पडलेल्यांची बाजू नसते, मी ती पहिल्याच दिवशी बंद केली. मावशी तेव्हापासून गप्प बसून शिवल्यासारखं लिहून घेतात. त्या म्हणाल्या, "याला वेळ किती लागला असेल हो?" मी म्हणालो, कशाला? "वंश निघेपर्यंत, मग कूळ, मग घर. एवढी माणसं. सकाळपासून दुपार झाली असेल. तो रांगेत उभाच होता ना? त्याला तर पहिल्यापासून माहीत होतं. वंश निघाला तेव्हाच का नाही म्हणाला, मी आहे म्हणून?"

मी म्हणालो, हे परीक्षेला येत नाही. कुणीतरी हसलं. मावशी हसल्या नाहीत, मान हलवून त्यांनी तेही लिहून घेतलं. मला तिथे उभं राहवेना. कारण उत्तर मला माहीत होतं, त्या खोलीत फक्त मलाच माहीत होतं. तो म्हणाला नाही, कारण अजून वेळ होता. वंश निघाला तरी कुळं कितीतरी होती. कूळ निघालं तरी घराणी होती. प्रत्येक चिठ्ठीला वाटतं की या खेपेला चुकेल, आणि मध्ये जेवढा वेळ जातो तेवढं सांगणं महाग होत जातं. पहिल्या दिवशी मी सांगितलं असतं तर सर रागावले असते, बोलले नसते, फार तर वर्गातून काढलं असतं. पाच महिन्यांनी सांगायचं म्हणजे सरांनी घरभर लावलेल्या त्या चिठ्ठ्यांचं, त्या न ओलांडलेल्या रस्त्यांचं, न उघडलेल्या पुस्तकांचं सगळं सांगायचं. आणि ताईंचा फोन म्हणजे शेवटून दुसरी चिठ्ठी होती. रविवारी सर गेले की माझ्यापर्यंत कुणी येणार नव्हतं. मी सुटणार होतो. एक म्हातारा माणूस दुसऱ्या गावी, मुलीच्या घरी, आपलं डोकं गेलं असं समजून मरणार होता आणि मी इथे खडू धरून सुटणार होतो. मी फळा पुसला आणि वर्ग दहा मिनिटं आधी सोडला.

घरी बायको म्हणाली, "पोट बरं नाही का?" मी म्हणालो, बरं आहे. ती म्हणाली, "मग तोंड असं का, कुणीतरी फुकटचा मार दिल्यासारखं?" तिला सांगावंसं वाटलं. ती ऑफिसच्या वहीची आठवण काढेल याची भीती वाटली आणि नाही सांगितलं. म्हणजे तिथेही एक चिठ्ठी मी चुकवली. शुक्रवारी दुपारी मी अर्धी रजा टाकली, तळचा खण ओढला, न झालेला रस्ता उचलून बाजूला ठेवला आणि वही पिशवीत घातली. बसने चार थांबे. पाचव्यालाही उतरता आलं असतं.

सरांची खोली दुसऱ्या मजल्यावर, दार उघडंच होतं. आत खोकी, सुतळी, वर्तमानपत्रांचे गठ्ठे. ताई जमिनीवर बसून कपबश्या कागदात गुंडाळत होत्या. भिंतीवर, कपाटावर, दिव्याच्या बटणावर पांढऱ्या चिठ्ठ्या होत्या, सरांचं ते सुबक उतरतं अक्षर. दाराच्या आतल्या बाजूला लिहिलं होतं: बाहेर जाऊ नये, आधी विचारावं. सर खिडकीजवळच्या खुर्चीत होते. मांडीवर हात ठेवून, रेल्वेच्या डब्यात जागा मिळालेल्या प्रवाशासारखे, कशाला हात न लावता. मला पाहून त्यांचा चेहरा खुलला. "नकाशेबुवा, ये. बघ, आम्हीसुद्धा निघालो नदीपलीकडे." मी चप्पल काढली, आणि बसण्याआधीच, कारण बसलो असतो तर पुन्हा चहा, विचारपूस, गाडी कितीची, असं सगळं झालं असतं, वही काढून त्यांच्या मांडीवर ठेवली.

ताई उठून आल्या. "अय्या, मिळाली? कुठे मिळाली?" सरांनी पुठ्ठ्यावरून हात फिरवला, उघडली नाही. म्हणाले, "हॉलमध्ये ना? कपाटामागे पडली असेल. मला वाटलंच होतं." आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. मी नुसतं हो म्हणायचं बाकी होतं. दार उघडं करून दिलं होतं त्यांनी, त्यांच्याच हाताने. वही मिळाली असती, मुलीला बरं वाटलं असतं, मी वही शोधून आणणारा भला माणूस ठरलो असतो. माझी जीभ त्या शब्दापर्यंत गेलीही होती. मी म्हणालो, "नाही सर. तुम्ही मला दिली होतीत. माझ्याकडेच होती. अध्यक्षांना मी दाखवली. जिन्यात मी खोटं बोललो, आणि काल ताईंशीही बोललो."

ताई माझ्याकडे बघत राहिल्या, मग त्यांचे डोळे भरून आले, आणि हळूच, सरांना ऐकू जाऊ नये म्हणून, त्या म्हणाल्या, "किती करता हो तुम्ही त्यांच्यासाठी." सर तर हसले. "नकाशेबुवा, म्हाताऱ्याचं मन राखायला स्वतःला काळं फासायची गरज नाही. माझं मी मान्य केलंय आता. होतं माणसाला." मला वाटलं होतं, ते ओरडतील. त्यांनी काय काय म्हणावं याची मी बसमध्ये तयारी केली होती, प्रत्येक शब्दाला मान खाली घालायची होती. आपल्यावर कुणी विश्वासच ठेवणार नाही, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. पाच महिन्यांत मी त्यांना इतकं पक्कं शिकवलं होतं की आता मलाच ते खोडता येत नव्हतं. मी खाली बसलो, वही उघडली, आणि स्वतःवरचा गुन्हा शाबीत करायला लागलो. तारीख सांगितली. पिशवीचा बंद सांगितला. ते म्हणाले, "ते मीच तुला सांगितलं होतं." नकलांचं सांगितलं, दुकानातल्या सोफ्याचं सांगितलं. ते मान हलवत राहिले, आजाऱ्याचं ऐकतात तसे. मग मला एकदम सुचलं. मी मागची पानं उलटली. वही माझ्याकडे आल्यावर पहिल्याच दिवशी मी तिच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने नकाशाच्या प्रमाणाचं गणित केलं होतं. एक ओळभर आकडे. ते पान मी त्यांच्यापुढे धरलं.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पान डोळ्यांजवळ नेलं. सात हा आकडा मी अजून शाळेतल्यासारखा, खाली शेपूट काढून लिहितो. त्यावरून ते मला अकरा वर्षं चिडवत आले होते. त्यांनी त्या सातावर बोट ठेवलं. "हे मी लिहिलेलं नाही," ते म्हणाले. मग म्हणाले, "हे तुझं आहे." मी हो म्हणालो. ते खुर्चीतून उठले. आधार न घेता उठले. "म्हणजे मला आठवत होतं," ते म्हणाले. मग ताईंकडे वळून जरा मोठ्याने, "ऐकलंस का गं? मला आठवत होतं. मी दिली होती, त्याने पिशवीत घातली, बंद अडकला. सगळं बरोबर होतं." त्यांचा चेहरा असा उजळला की माझ्याने बघवेना. माझा घात, माझं खोटं, त्यांच्या पानांची केलेली चव्हाट्यावरची शोभा, यातलं काहीच त्यांना दिसत नव्हतं. त्यांना त्यांचं डोकं परत मिळालं होतं आणि ते कुणी पळवलं होतं हे बघायला त्यांना सवड नव्हती. ताईंना होती. त्या खोक्याजवळ उभ्या होत्या, हातात अर्धा गुंडाळलेला कप. "पाच महिने," त्या एवढंच म्हणाल्या.

सर खोलीत फिरायला लागले. खोक्यांना वळसा घालून, चिठ्ठ्यांपुढे थांबून. दिव्यावरची एक चिठ्ठी त्यांनी काढली, वाचली आणि चुरगळली. आणि मग त्यांनी मला विचारायला सुरुवात केली. भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली द्यायचं ते एकदा विसरले होते, की ते आधीच बंद होतं? मी म्हणालो, आधीच बंद होतं, मी त्या दिवशी आलो होतो. ते ताईंकडे वळले, "खरं का गं?" ताई म्हणाल्या, "हो बाबा, दुरुस्तीला दिलं होतं ते." मावशी ज्या दिवशी शेजारीण होऊन बोलल्या, त्या दिवशी वर्ग पाऊण तास उशिरा सुटला, की ते असंच वाटतंय? मी म्हणालो, पाऊण तासच, खालच्या दुकानदाराने येऊन दिवे बंद करायला सांगितलं. ते पुन्हा ताईंकडे वळले. "मला तुम्ही त्या दिवशी फोनवर हेच सांगितलं होतं," ताई म्हणाल्या. सर खूश होऊन पुढे गेले. तिसऱ्या खेपेला माझ्या लक्षात आलं. ते मला विचारत होते, कारण तिथे असलेला मीच होतो, पण उत्तर ते माझ्याकडून घेत नव्हते. माझं ऐकून झालं की मान आपोआप मुलीकडे वळत होती. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. त्यांना ते कळतही नसावं. रस्ता ओलांडताना आपण दुसऱ्या बाजूला बघतो तसं.

मग ते खिडकीपाशी थांबले. वही हातात होती. म्हणाले, "आणि वही देताना मी तुला काय म्हणालो होतो?"

हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं, बायकोला नाही, अध्यक्षांना नाही, आणि इतका वेळ हे सगळं सांगतोय तेव्हाही शिताफीने बाजूला ठेवलं होतं. मी म्हणालो, "तुम्ही म्हणालात, माझं झालं आता. पुढच्या वर्षापासून वर्ग तू घ्यायचास, मंडळाला मी सांगतो. त्याआधी हे सगळं वाचून काढ, आणि जिथे पटणार नाही तिथे उजवीकडे लिही." जे त्यांनी आपणहून माझ्या हातात ठेवलं होतं तेच मी चोरलं होतं. सर ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी सवयीने ताईंकडे पाहिलं. "खरं का गं?"

"मी नव्हते बाबा तेव्हा," ताई म्हणाल्या. "तुम्ही दोघंच होतात."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, नकाशावर नेमकं ठिकाण सापडत नाही तेव्हा पाहायचे तसं. मला वाटलं, आता विचारतील, पुन्हा सांग म्हणतील, आणि मी शपथ घालून सांगेन. पण त्यांनी वही मिटली.

"असू दे," ते म्हणाले. "ते माझं मला आठवतंय."

आणि खोक्याजवळ जाऊन ताईंच्या हातातून त्यांनी सुतळी घेतली.